डाव्या चाकाची काजळी

आमच्या घरी गाडीची चाके धुण्याचे काम पत्नीने आपणहून घेतले होते. पंचवटीतल्या आमच्या बोळात गाडी शिरत नाही. पलीकडच्या मोकळ्या जागेत ती उभी असते. तेथे पत्नी सकाळी, स्नानाच्या आधी, बादली घेऊन जाई. चाकांना हात लावल्यावर सोवळ्यातले काही करता येत नाही, म्हणून तो क्रम.

पहिल्या खेपेस ती देवाची उपकरणी घासायची चिंच घेऊन गेली. चकचकीत चाकांवर तिने चिंचेचा कोळ मनापासून चोळला, आणि वाळल्यावर त्यांवर पांढुरके डाग उमटले. ओझरच्या रस्त्यावरचा आमचा मेकॅनिक ते पाहून कपाळाला हात लावून बसला.

"काकू, हे काय पितळेचं तपेलं हाय का? आंबट लावायचं नाय. चाक गार होऊ द्यायचं, साबणाचं पाणी, मऊ फडकं. कोरडं झालं की मेणाचं पॉलिश. मग काजळी चिकटून बसत नाय."

"काजळी कसली? धूर तर मागून निघतो."

"ब्रेकची. ब्रेक दाबला की आतलं पॅड झिजतं, त्याची ही भुकटी. गुरुजी जेवढे ब्रेक मारणार, तेवढं चाक काळं."

"म्हणजे यांची लबाडी चाकावर कळणार!" ती म्हणाली, आणि दोघेही माझ्याकडे पाहून हसले.

तेव्हापासून माझ्या विरलेल्या धोतरांचे तुकडे त्या कामी लागले. मी निफाडकडे एखाद्या बागाईतदाराच्या घरी पूजा सांगून परतलो, की दुसऱ्या दिवशी चाक पुसून ती घरात येई आणि विचारी, "अहो, काल फार घाईत होतात का?" बहुधा मी घाईत असे. व्याकरण आणि न्याय शिकवण्यात माझा जन्म गेला. पण इतक्या थोड्या खुणेवरून इतके अचूक अनुमान करणारे विद्यार्थी मला क्वचितच लाभले.

तिला जाऊन आता दोन वर्षे होत आली. ती गेली त्या पावसाळ्यात गाडी जागची हलली नाही. मला तिकडे जाववत नसे. पुढे निफाडहून माझ्या सहाध्यायी मित्राचा निरोप आला. पाठशाळेत आम्ही एकाच बैठकीवर बसून शिकलो. त्याची दृष्टी मंदावली होती. ग्रंथ समोर असून वाचता येत नव्हता. तेव्हापासून दर गुरुवारी मी त्याच्याकडे जातो. मी वाचतो, तो ऐकतो, आणि माझा स्वर चुकला की मांडीवर थाप मारून थांबवतो. चाके पुसण्याचे व्रतही मीच चालवू लागलो.

मुलगा ओझरला विमानांचे सुटे भाग तपासण्याच्या कामावर आहे. एका रविवारी तो आला, घरात येण्याआधी गाडीपाशी थांबला, आणि डाव्या चाकावरून फिरवलेले बोट त्याने माझ्यासमोर धरले.

"बाबा, कधी पुसलं होतंत?"

"मंगळवारी."

"पाच दिवसांत इतकं काळं? तुमचा पाय ब्रेकवरच असतो. भीती वाटते ना चालवताना?"

"भीती कसली!"

"मग हे काय आहे? पुढच्या रविवारी पुन्हा बघतो. असंच असेल तर किल्ली माझ्याकडे द्यायची."

किल्ली गेली की गुरुवार गेला. माझ्या गुडघ्यांना एसटीची पायरी आता साधत नाही, आणि निफाडच्या त्या ओसरीवर वाचून दाखवणारे दुसरे कोणी नाही. तो आठवडा मी अस्वस्थ होतो. शनिवारी सकाळी बादली, फडकी आणि पॉलिशचा डबा घेऊन मी चाकांपाशी बसलो. लिहिण्यास संकोच वाटतो, परंतु त्या दिवशी माझा हेतू स्वच्छतेचा नव्हता. मुलाच्या नजरेस काही पडू नये, एवढीच इच्छा होती.

डावे चाक पुसले. फडके तव्याच्या बुडासारखे काळे झाले. दुसरे फडके घेऊन उजवे पुसले, तर ते नुसते करडे. दोन्ही फडकी शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. पाय माझा एक, आणि तो दाबतो तो ब्रेक दोन्ही चाकांचा. दोष केवळ पायाचा असता, तर काजळी दोन्हीकडे सारखी हवी होती. धुरावरून अग्नी ओळखताना खूण नीट तपासावी, हे मी आयुष्यभर शिकवले. आणि मुलाने बोट दाखवताच दुखावून ते विसरलो.

पॉलिशचा डबा न उघडताच मी गाडी मेकॅनिककडे नेली. त्याने जॅक लावून पुढची चाके उचलली. उजवे चाक हाताने ढकलताच मोकळे फिरले. डावे घासत, कुरकुरत अर्धा फेरा जाऊन थांबले.

"ब्रेकची पिन गंजलीय, गुरुजी. ब्रेक सोडला तरी सुटत नाय. गाडी लय दिवस उभी होती का?"

"एक पावसाळा."

त्याने हात पुसले. "काकू असत्या तर तिसऱ्या दिवशी घेऊन आल्या असत्या," तो म्हणाला.

पिन बदलून, नवे पॅड बसवून झाल्यावर त्याने जुनी पॅड माझ्या हातावर ठेवली. "डावं तर संपलंच. पण हे उजवंबी बघा. चाक मोकळं असून एवढं झिजलं. तुमचा पाय जडच हाय, गुरुजी. राग मानू नका."

रविवारी मुलगा आला. मी त्याला दोन्ही पॅड दाखवली. गंजलेल्या पिनेचे सांगितले. तेवढ्यावर थांबलो असतो तरी किल्ली माझ्याकडेच राहिली असती. मग उजव्या पॅडविषयी मेकॅनिक काय म्हणाला, तेही सांगितले.

तो बराच वेळ ते पॅड उलटसुलट करत बसला.

"म्हणजे मीही निम्मा चुकलो," तो म्हणाला.

"आणि मीही निम्मा."

"घाबरता का, बाबा? खरं सांगा."

"मोठ्या गाड्या जवळून गेल्या की घाबरतो."

पुढच्या गुरुवारी त्याने रजा टाकली आणि माझ्या शेजारी बसला. महामार्ग सोडून त्याने मला आतल्या रस्त्याने जायला सांगितले. समोर उसाची ट्रॉली दिसली, तसा माझा पाय सवयीने ब्रेककडे गेला.

"इतक्यात नाही. आधी वेग उतरू द्या. आता गिअर खाली घ्या."

मी तसे केले. ब्रेकला स्पर्श न होता गाडी संथ झाली आणि ट्रॉलीच्या मागे, पुरेसे अंतर राखून चालू लागली.

"दिवाळीपर्यंत याच रस्त्याने, आणि उजेडात," मुलगा म्हणाला. "पुढचं दिवाळीला ठरवू."

मला ते मान्य झाले.