कुसुममावशींची हिरवी बुरशी

कुसुममावशींकडे गेलं की पहिलं वाक्य ठरलेलं. "दार लाव आधी. आणि पंख्याकडे बघू नकोस, तो लागणार नाही."

लालबागच्या आमच्या चाळीत मे महिन्यात खाली डंकांवर मिरची कुटली जायची, तिची पूड आत येऊ नये म्हणून खिडक्याही बंद. पंखा लावला तर भलते जंतू उडून बाटलीत पडायचे. आपण घामाने निथळत बसायचं आणि मावशींनी स्पिरिटच्या दिव्यापाशी बाटली उघडून हिरव्या बुरशीला ताजा भात द्यायचा. एवढा मान त्यांनी जावयालाही दिला नसता.

मावशी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या. साताऱ्याकडे भावाच्या शेतात कंदकूज लागून आल्याचं सगळं पीक सडलं, फक्त एक कोपरा वाचला. त्या कोपऱ्यातल्या मातीत मावशींना ही बुरशी सापडली. कूज पसरवणाऱ्या बुरशीलाच ती खायची. "हे फवारायचं विष नव्हे, मातीत सोडायचा राखणदार आहे," त्या सांगायच्या. तो शेतोशेती पोचावा, एवढाच त्यांना ध्यास.

पण राखण मावशींनाच करावी लागे. भाऊ फोनवर म्हणायचा, "आक्का, ये की चार दिस." यांचं उत्तर एकच, "हिला कोण बघेल?" भाच्याचं लग्न त्यांनी मोबाइलवर पाहिलं. मी म्हटलं, "जा तुम्ही, मी घालते भात." तर म्हणाल्या, "तुझा हात फोडणीचा, बाई. बिघडली तर परत कुठून आणू?" त्या खोलीत मला गुदमरायचं, त्यांचं काय होत असेल कोण जाणे.

शेवटी एक कंपनी चाचणीला तयार झाली. नमुना पाठवण्याआधी मावशींनी काचेच्या एका बशीत एकीकडे हिरवी आणि एकीकडे कूज लावली. हिरवीने कुजेवर चढायला हवं होतं. झालं उलटंच. पांढरी कूज पसरत आली आणि हिरवी तिच्याखाली गप पडून राहिली.

मावशींनी बशी खाली ठेवली. "लाडावून ठेवलं गं मी हिला. इतकी वर्षं आयता भात खाल्ला, कुणाशी भांडायची वेळच येऊ दिली नाही मी. विसरली बिचारी."

मग उठून त्यांनी पंखा लावला. पात्यांवरची धूळ आम्हां दोघींच्या डोक्यावर पडली. मावशी डोळे मिटून त्या वाऱ्यात बसून राहिल्या. मला रडू आवरेना.

त्याच आठवड्यात त्या भावाकडे गेल्या. सुटल्या एकदाच्या, असं मला वाटलं. आल्या त्या स्टीलच्या डब्यात त्याच कोपऱ्यातली माती घेऊन. "हिच्यातून नवी काढते. आता भात कमी. मधूनमधून कुजेशी गाठ घालून द्यायची," त्या उंबऱ्यातच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी चहा घेऊन गेले, तर दिवा पेटलेला.

"दार लाव आधी."

मी लावलं. त्यानंतर मावशी वारेपर्यंत तो पंखा फिरताना मी पाहिला नाही.