कोरडा पाय

सई आता नऊ वर्षांची आहे, तरी तेल लावताना तिला मी तान्ह्या बाळासारखं माझ्या लांब केलेल्या पायांवरच झोपवते. तिचे पाय जन्मापासून ताठ. रोज चोळले, की जरा सैल पडतात आणि टाच जमिनीला टेकते. पूर्वी मालिश करायला एक ताई घरी येत. या सरहद्दीजवळच्या गावात लढाईचे भोंगे वाजू लागले, तशा त्या येईनाशा झाल्या.

परवा दोन्ही पायांना तेल चोळून झालं आणि भोंगा वाजला. तळघराकडे धावायचं म्हणून तिला उचललं, तर गुडघ्यांखालचा माझा हात सटकला. शेजारच्या काकूंनी तिला जिन्यात कसंबसं सावरलं.

"कशाला गं आता हे तेल? लढाई संपल्यावर लाव की."

माझं डोकंच फिरलं. लढाई संपेपर्यंत शिरा आखडायच्या थांबतात का? टीव्हीवर जो तो नकाशा दाखवून आपण किती पुढे सरकलो ते सांगतोय. सईची टेकलेली टाच पुन्हा वर गेली, ते कुठल्या नकाशात दिसतं?

तेव्हापासून मी एका वेळी एकाच पायाला तेल लावते. दुसरा कोरडा ठेवते, धरायला.

आज डावा पाय छान सैल झाला. उजव्यावरून हात फिरवत सई म्हणाली, "आई, याला कधी?"

मी 'उद्या' म्हणणार तोच भोंगा वाजला. तिचा डावा पाय माझ्या मांडीवर काठीसारखा ताठ झाला.

भोंगा नुसता चाचणीचा होता, हे मागाहून कळलं.