कोऱ्या चित्रातलं वळण

माझ्या चुलतभावानं काकीला, म्हणजे त्याच्या आईला, शेवंती निवडायला बसू देणं बंद केलं, तेव्हा ती चार दिवस मळ्याकडं फिरकली नाही. तिच्या पाटीत डागी फुलं राहतात, मार्केटला नाव खराब होतं, असं त्याचं म्हणणं. नेमकं त्याच आठवड्यात मी माझं यंत्र घेऊन पुण्याहून गावी, निमोण्याला आले. समोर दिसणारे सुटे तुकडे मेंदू एकत्र कसे जोडतो, यावर माझी पीएचडी चाललीय. मेंदूतल्या पेशी एका ठेक्यात काम करू लागल्या की त्यांच्या लाटा डोक्याला तारा लावून मोजता येतात. त्या लाटाच तुकडे जोडतात, की जोडून झाल्यावर नुसत्या उठतात, यावर आमच्या लोकांत अजून जुंपलेली असते.

"माझं डोस्कं मोज," काकी म्हणाली. "आन् ह्याला दाखव, मला समदं दिसतंय."

दुसऱ्या दिवशी ती खोबरेल थापून, चापूनचोपून अंबाडा घालून हजर. त्या तेलातून सिग्नल यायचं नाव घेईना.

"काकी, केस कोरडे ठेव म्हणाले होते ना?"

"मशीनीपुढं काय झिंज्या सोडून बसू व्हय?"

नळाखाली बसवून दोनदा शाम्पू लावला. शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच.

मग स्क्रीनवर आडव्यातिडव्या बारीक रेघा. काही चित्रांत त्यातल्या थोड्या मिळून एक वळण तयार होतं. ते दिसलं की बटण दाबायचं. बाकीची चित्रं कोरी, म्हणजे नुसत्या विस्कटलेल्या रेघा. काकीनं वळणं झकास पकडली, पण पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका कोऱ्या चित्रालाही ती दर वेळी बटण दाबायची. चुलतभाऊ मागं उभाच होता.

"बघ, नसल्यालं दिसतंय तिला," तो म्हणाला. काकीचा चेहरा पडला. मला फार वाईट वाटलं.

संध्याकाळी तिच्या लाटा तपासल्या, तर त्या कोऱ्या चित्राला त्या खऱ्या वळणांइतक्याच उठलेल्या. मी चित्र उघडून काकीपुढं धरलं. तिनं काचेवर बोट टेकवलं.

"हितनं निघालं, हितं वळलं. आंधळी हायस का?"

वळण होतं. मीच ते चित्र चुकून कोऱ्यांत टाकलं होतं. आधी प्रयोगाला बसलेल्या पुण्यातल्या चार मुलांनीही तिथंच बटण दाबलं होतं आणि मी त्यांच्या नावापुढं 'लक्ष नाही' असं लिहून मोकळी झाले होते.

चुलतभावाला बोलावलं. त्यानं डोळे चोळले, स्क्रीनला नाक लावलं, तरी त्याला ते काही दिसेना. काकी पदर खोचून ओट्यावर जाऊन बसली.

"पाटी हितं ठेव," ती म्हणाली. "आन् सकाळी तू निवडलीस ती बी आण."