शब्द परत घेणाऱ्या मोकाशीबाई

मोकाशीबाई आमच्या घरच्या डॉक्टर, अगदी माझ्या लहानपणापासूनच्या. पण त्यांना मी खरं ओळखलं ते दादरच्या मासळी बाजारात. बाई पापलेटाचे कल्ले उचकटून बघत होत्या आणि समोरून पन्नाशीतल्या एक मावशी पिशवी सांभाळत चालल्या होत्या. बाईंनी पापलेट हातात धरूनच त्यांना हाक मारली आणि अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं ए सुमन, हार्मोनच्या गोळ्या घेतल्यास तर मरशील असं मी तुला सांगितलं होतं ना? ते चुकलं माझं. परत घेते." सुमनमावशींच्या हातातून पिशवी सुटायचीच बाकी होती. कोळीण मात्र खूश झाली. तिनं तिथल्या तिथे विचारून टाकलं, की रात्रीची माझ्या पण अंगाची आग होते, मग मला चालतील का त्या गोळ्या. पापलेटाचा भाव राहिला बाजूला आणि बाजारात ओपीडी सुरू झाली.

बाई बायकांच्या डॉक्टर. परळला दवाखाना, वय पंचाहत्तरीच्या घरात, उंची बेताची आणि आवाज बेताबाहेरचा. बाकीचे डॉक्टर चुकले की गप्प बसतात. बाई चुकल्या की माणसाला शोधत निघायच्या. कोणाला बसस्टॉपवर गाठायच्या, कोणाला लग्नाच्या पंगतीत. एकदा तर एका बारशात पाळण्याची दोरी हातात असताना त्यांनी बाळाच्या आजीची माफी मागितली होती. मी एकदा त्यांना म्हटलं, बाई, निदान फोन करा, माणसाच्या पोटात गोळा येतो हो. तर म्हणाल्या, "डॉक्टरनं दिलेला शब्द परत घ्यायला स्वतः जावं लागतं गं. नाहीतर तो पेशंटच्या घरात ठाण मांडून बसतो."

आमच्या घरात तो कसा बसला होता ते आता सांगते. मी शाळेत होते तेव्हा आईचं मोठं ऑपरेशन झालं. गर्भाशयाची पिशवी काढली आणि सोबत दोन्ही बीजकोशही काढावे लागले. आई तेव्हा चाळिशीच्याही अलीकडे होती. मोकाशीबाईंनी तिला हार्मोनच्या गोळ्या सुरू केल्या आणि आई महिन्याभरात उठून पुन्हा बालवाडीत पोरांबरोबर उड्या मारायला लागली. पाचेक वर्षं मजेत गेली. मग परदेशातून बातमी आली की ह्या गोळ्यांनी कॅन्सर होतो, हार्ट अटॅक येतो. झालं, एका आठवड्यात बाईंनी झाडून सगळ्या बायकांच्या गोळ्या बंद केल्या. आईला तर दम भरला, की फेकून दे आणि पुन्हा ह्यांचं नाव काढायचं नाही, तूही नाही आणि तुझ्या लेकीनंही नाही.

आईनं नाव काढलं नाही. ती भर थंडीत ओला टॉवेल मानेवर टाकून पंख्याखाली बसायची. रात्री झोप नाही, दिवसा डोकं ठिकाणावर नाही. एके दिवशी बालवाडीत एका पोरावर इतकी ओरडली, की घरी येऊन रडली आणि दुसऱ्या दिवशी नोकरी सोडून मोकळी झाली. पुढे नळावर साधा पाय घसरला तर मनगट मोडलं. तरी कुणी विचारलं की म्हणायची, "माका कायएक झाला नाय." हे सगळं तिनं मुकाट्यानं सोसलं असं म्हणणार होते, पण बाबा हे वाचतील. आमच्यावर ओरडून ओरडून सोसलं. बाईंना मात्र तिनं एका शब्दानं बोल लावला नाही.

आता माझी पाळी आली. मी दादरला साड्यांच्या दुकानात काउंटरवर असते. साडी नुसती उलगडून दाखवायची नसते, अंगावर धरून, निऱ्या घालून दाखवावी लागते. सेहेचाळिसावं लागलं आणि माझ्या अंगात भट्ट्या पेटायला लागल्या. दुकानात एसी, गिऱ्हाइकं शाली गुंडाळून बसलेली, आणि माझ्या कपाळावरून धारा. एका नवरीसाठी मी शालू खांद्यावर घेतला आणि त्याच्यावर टपटप घाम पडला. नवरीच्या आत्यानं वर छताकडे बघून शेठना सांगितलं, की तुमचा एसी गळतोय. शेठनी खरंच मेकॅनिक बोलावला. मेकॅनिक बिचारा शिडीवर चढून तासभर गळती शोधत होता आणि मी खाली उभी राहून त्याच्यासाठी पाणी टिपत असल्याचं नाटक करत होते. दुसऱ्यांदा पैठणीवर डाग पडला तेव्हा शेठना उमगलं. माणूस सज्जन. म्हणाले, थोडे दिवस घरी बसा, तब्येत सांभाळा, लग्नसराईच्या आधी बरं वाटलं तर या. त्या 'तर'नं माझं तोंडचं पाणी पळालं. मी लग्न केलेलं नाही, हा आमच्या मजल्याचा आवडता विषय आहे, तो इथे नको. पण माझं सगळं त्या काउंटरवर आहे, हे खरं.

मी सरळ मोकाशीबाईंकडे गेले. त्यांनी रक्तदाब बघितला, मॅमोग्राफी करून घेतली, घराण्यात कुणाला काय झालं ते खोदून खोदून विचारलं आणि मग दंडावर चोळायचं हार्मोनचं एक जेल लिहून दिलं. माझी गर्भाशयाची पिशवी जागेवर आहे, तिला जेलचा त्रास नको म्हणून रात्रीची एक कॅप्सूलही दिली. म्हणाल्या, हे मी सरसकट सगळ्यांना देत नाही. पण 'सोस' हे औषध लिहून द्यायचं आता बंद केलंय.

घरी आले आणि आईनं ट्यूब हातातून काढून घेतली. मी म्हटलं, अगं, बाईंनीच दिलंय. तर म्हणाली, त्या आता थकल्या गो, तेव्हा त्यांची बुद्धी जागेवर होती. मी बाईंना फोन लावून दिला. आई 'हो बाई, बरं बाई' करत सगळं ऐकत राहिली, अदबीनं फोन ठेवला आणि ट्यूब फ्रिजवरच्या औषधांच्या डब्यात टाकून वर पहारा बसवला. म्हणजे मोकाशीबाईंच्या विरुद्ध आमच्या घरात मोकाशीबाईच उभ्या होत्या आणि त्याही तरुण होत्या. त्यांच्यापुढे कोणाचं चालणार? कॅप्सूल एकटी घेऊन उपयोग नव्हता. मी रात्री उशी उलटीपालटी करायची आणि सकाळी दुकानाच्या फोनची वाट बघायची.

चारेक दिवसांनी बाबा घरभर टुणटुणीत फिरायला लागले. म्हणाले, हे नवीन मलम एक नंबर आहे, वाससुद्धा येत नाही, गुडघा कसा हलका झालाय बघ. आई कौतुकानं बघत होती. मी डबा उघडला. माझी ट्यूब अर्ध्यावर आलेली.

ते माझं हार्मोनचं जेल आहे असं मी सांगितल्यावर बाबा पंचानं गुडघा घासून पुसायला लागले. आईनं स्वतः बाईंना फोन केला आणि बाई त्याच संध्याकाळी आल्या. नायगावच्या चाळीतून आम्ही नुकते टॉवरमध्ये सतराव्या मजल्यावर राहायला आलो होतो. लिफ्टवर बाईंचा विश्वास नव्हता, पण आल्या. बाबा सोफ्यावर बसून शर्टाच्या आत डोकावून बघत होते आणि आता दाढी यायची बंद होणार का, असं विचारत होते. बाईंना हसून हसून खोकला लागला. मी पाणी आणून दिलं. मग त्यांनी सांगितलं की इतक्यात काही होत नाही, गुडघे साबणानं धुवा आणि पुन्हा त्या ट्यूबला हात लावू नका.

बाबांना धीर आला, तो जरा जास्तच आला. कट्ट्यावरचा त्यांचा एक मित्र ताकदीचं म्हणून पुरुषांच्या हार्मोनचं इंजेक्शन घेत होता. आलाच आहात तर मलाही तेच द्या की, असं ते म्हणाले. बाईंचं हसू थांबलं. "बाई अंथरुणात घामानं भिजली की म्हणे वय झालं, आणि बाप्या जिन्यात दमला की म्हणे इंजेक्शन. हा कुठला न्याय, शंकरराव?" मग स्वतःच म्हणाल्या, की त्यांचंही इथे चुकलं होतं. पूर्वी कुणी पेशंट आपल्या नवऱ्याचा थकवा सांगायला लागली की त्या हसून उडवून लावायच्या. त्यातल्या एकीच्या टॅक्सीवाल्या नवऱ्याला खरंच हार्मोन कमी निघालं, योग्य डॉक्टरकडे जाऊन तो बरा झाला, आणि बाईंनी स्टँडवर जाऊन त्याचीही माफी मागितली होती. बाबांना म्हणाल्या, आधी रात्री मॅच बघणं बंद करा, मग दोन वेगवेगळ्या सकाळी रक्त तपासू. मॅच म्हटल्यावर बाबांनी विषय सोडला.

आई चहा घेऊन आली. कप ठेवता ठेवता म्हणाली, म्हणूनच सांगत होते, हे औषध घरात नको, बाईंनीच तसं सांगितलेलं.

"मी ते परत घेतलंय," बाई म्हणाल्या.

"मी नाही परत दिलं," आई म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. एरवी बाजार दणाणून सोडणारा त्यांचा आवाज एकदम खाली आला. म्हणाल्या, "तो धोका होता साठीच्या पुढे गोळ्या सुरू करणाऱ्या बायकांना. तू चाळिशीची होतीस. तुझे बीजकोश काढलेले, तुला त्या गोळ्यांची गरज होती. मी बातमी वाचून घाबरले आणि सगळ्या बायका एकाच सुपात पाखडल्या. तू उगाच सोसलंस गं. माझ्यामुळे."

"उगाच?" आई म्हणाली. एवढंच. मला तेव्हा कळलं की ती ट्यूब का धरून बसली होती. मी बरी झाले असते तर तिची ती सगळी वर्षं वाया गेलेली ठरली असती. मला तिचा राग आला होता, तो तिथेच गेला.

मग बाबा हळूच म्हणाले, म्हणजे इतकी वर्षं मी जे ऐकून घेतलं, ते ह्या बाईंमुळे? "थोडं माझ्यामुळे," मोकाशीबाई म्हणाल्या, "बाकीचं तुमच्यामुळे." आई फिसकन हसली. मी हसले, बाई हसल्या, बाबासुद्धा हसले. आई हसता हसता कधी रडायला लागली ते तिचं तिलाही कळलं नाही. पदरानं डोळे पुसून तिनं विचारलं, की मला आता चालेल का घेऊन? बाईंनी खोटं सांगितलं नाही. आता उशीर झाला, म्हणाल्या, ह्या वयात नव्यानं सुरू करण्यात फायदा कमी आणि धोका जास्त. हाडांसाठी वेगळं औषध देईन, पण ती वर्षं मला परत देता येणार नाहीत.

आईनं सगळ्यांचे कप गोळा केले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, ह्यांनी उष्टी केलेली ट्यूब नको, मेडिकल बंद व्हायच्या आत जाऊन नवीन घेऊन ये.

मी आणली. त्या लग्नसराईत मी काउंटरवर होते आणि आजही आहे. शालू कोरडे आहेत, शेठ खूश आहेत. बाईंनी पुढे दवाखाना बंद केला आणि त्या पुण्याला लेकीकडे राहायला गेल्या. परळच्या बायका अजून हळहळतात, की आता आपल्याला चुकलं म्हणून सांगायला कोण येणार.

पण त्या संध्याकाळचं एक सांगायचं राहिलं. आम्ही बाईंना लिफ्टपर्यंत सोडायला गेलो. लिफ्ट आली, दार उघडलं, बाई आत शिरल्या. आईनं हात घालून दार धरून ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हिच्या बाबतीत चुकलात, तर ह्या वेळी लवकर या."