सासूबाईंच्या नकळत दिलेल्या गोळ्या

हृदयाचं ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं असताना मी माझ्या नणंदेला चोरून ॲस्पिरिन चारलं. मॅट्रिक पास होते ना! लालबागच्या आमच्या चाळीत इंग्रजी लेबल वाचणारी सून म्हणजे अर्धी डॉक्टरीणच, असा समज होता, मुख्यतः माझाच.

नणंद एकोणीस वर्षांची. लहानपणच्या सांधेतापानं तिच्या हृदयाची झडप चिकटली होती. जिना चढताना तीनदा बसायची. परळच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आता ॲस्पिरिन बंद. त्यानं रक्त लवकर थांबत नाही." पण गुडघे ठणकायला लागले की ती उशी चावायची. मला बघवेना. सासूबाई दुपारी नळावर गेल्या की मी पदरातून गोळी काढायची. "घ्या वन्सं, एवढ्याशा गोळीनं काय होतंय?"

भरती व्हायच्या दिवशी राखुंडीनं दात घासताना तिची चूळ लाल आली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, "गोळीबिळी काही दिली नाही ना?"

"एकसुद्धा नाही," सासूबाई छातीठोकपणे म्हणाल्या.

"दिली," मी म्हणाले. "मी दिली. रोज. आज हिरड्यांतून रक्त आलंय."

डॉक्टरांनी ऑपरेशन दोन आठवडे पुढे ढकललं आणि मला विचारलं, "कुठल्या कॉलेजात शिकलात डॉक्टरकी?"

रक्त द्यायला चाळीतले चौघे गिरणीकामगार खाडा करून आले होते. संयुक्त महाराष्ट्राच्या घोषणा देऊन घसे बसलेले. त्यांना हात जोडून परत पाठवलं. रक्त दिलं की माणूस कायमचा खंगतो, असं तेव्हा सगळे म्हणत. पुन्हा कोण येणार? पण दोन आठवड्यांनी चौघेही आले. एक तर म्हणाला, "वैनी, मोर्च्यात सांडण्यापरीस हंय दिलेला बरा!"

डॉक्टरांनी हृदयात बोट घालून ती चिकटलेली झडप मोकळी केली. बाहेर येऊन म्हणाले, रक्त फारसं गेलं नाही. आजही हात जोडले की आधी ते चौघे आणि डॉक्टर अशी ही पाच माणसं आठवतात, मग देव. देवाची काही हरकत दिसत नाही.

ते दोन आठवडे सासूबाई माझ्याशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. डॉक्टर गेल्यावर त्या बाकावर माझ्या शेजारी येऊन बसल्या, डबा उघडून माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, "त्या दिवशी तू गप्प बसली असतीस, तर माझी पोरगी गेली असती. धर, जेव. सकाळपासून उपाशी आहेस."