स्वच्छ छत आणि रुखवताचे पापड

आमच्या पेणच्या घराला गुंडाळता येणारं कापडी छत आहे आणि ते मी एकदा धुतलं, एवढाच माझा गुन्हा.

माडीच्या गॅलरीखाली, ओट्यावर सावलीसाठी मुलाने ते बसवून दिलं. हँडल फिरवलं की पसरतं, उलटं फिरवलं की गुंडाळतं. (फिरवणारा मी. मुलगा पुण्याला!) तीन वर्षांची धूळ आणि कावळ्यांची कृपा गॅलरीतून वाकून घासता घासता माझी कंबर कामातून गेली. छताच्या सांध्यांना तेलही घातलं.

बसवणारा बजावून गेला होता, "वलं गुंडाळू नका, नायतर बुरशी धरंल."

म्हणून छत उन्हात उघडं ठेवलं आणि बायकोला म्हणालो, "सुलभा, इतकं स्वच्छ कापड घरात दुसरं नाही!" मग आडवा झालो. थकलो होतो हो!

त्याच दिवशी माडीवर आळीतल्या बायका आपापली पोळपाट-लाटणी घेऊन पोह्यांचे पापड लाटत होत्या. माझ्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न चार दिवसांवर आलेलं, आणि "रुखवतात पापड पेणचे, माझ्या हातचे" असं सुलभाने व्याह्यांना छातीठोक सांगितलेलं. पापड वाळत घालायला जागा पुरेना. तेव्हा तिला माझं वाक्य आठवलं. (एरवी माझं एक वाक्य तिच्या लक्षात राहत नाही!)

चारला उठलो. छताला खालून हात लावला. खडखडीत! हँडल फिरवलं.

कुर्र... कुर्र...

"गंज!" मी ओळखलं. छत गुंडाळतं त्या नळीत आणखी तेल ओतलं आणि जोर लावून शेवटपर्यंत गुंडाळलं.

वरून शेजारच्या जनाकाकूंचा आवाज आला, "गो सुलभा, पापड कुठं गेलं?"

"छतावरच आहेत की!"

"छतच नाय गो!"

नेमकी तेव्हाच मेव्हणी पापड न्यायला पायरीवर येऊन उभी. घाबरून मी छत उलगडलं, आणि पापडांचा तेलकट चुरा थेट तिच्या डोक्यावर!

"भावजी, हे काय?"

"पापड," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

सुलभा ओरडली असती तर बरं झालं असतं. ती ओट्यावर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पुन्हा जमल्या. पापड अंगणात बाजांवर पडले आणि राखणीला काठी घेऊन मी. रणरणतं ऊन, भाजलेलं टक्कल.

"सुलभा, जरा छत उघडू का गं?"

माडीवरची सगळी लाटणी एकदम थांबली. मी मुकाट्याने डोक्यावर टॉवेल घेतला आणि कावळे हाकलू लागलो.