‘चल’ म्हणायचं राहिलं

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर लावून लावून वाचतो, तसंच लिहितो. पण साक्रीच्या बाजारात माझ्या नुसत्या शब्दावर माणसं बैलजोडी घेऊन गेली आहेत, हे आधी सांगून ठेवतो. कारण पुढे जे लिहिणार आहे, त्यात माझा शब्द काही कामाला आला नाही.

आमची धाकटी मुलगी जळगावला शिकली. मेहरूणच्या तलावाकडे तिघी मैत्रिणींनी मिळून खोली घेतली होती. मग दोंडाईच्याला दिली. जावई नाशिकला कंपनीत. त्यांना एक पोरगी झाली. ती पोरगी दीड वर्षाची असताना मुलीला जर्मनीत पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली. जावयांना नोकरी सोडून जाता येत नव्हतं. विहीणबाई अंथरुणाला खिळलेल्या.

व्याही आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, “नाना, एक तर शिक्षण होईल, नाही तर पोर सांभाळणं होईल. एका बैलानं दोन नांगर ओढले जात नाहीत.”

मी म्हणालो, “नांगर तुम्ही कधी धरला, भाऊ? तुमचं दुकान.”

ते हसले, पण मनातून दुखावले. मी तिथंच सगळ्यांसमोर सांगून टाकलं, की वासरू गाईपासून तोडत नसतात. पोर आईबरोबर जाईल आणि तिची आजीही जाईल. आमचे हातपाय धड असताना आमचं पोर परक्याच्या हाती जाणार नाही. बोललो तर बोललो. मागे घ्यायची मला सवय नाही.

मुलगी पोरीला घेऊन गेली. मागून आजीच्या व्हिसासाठी आम्ही दोनदा खेटे घातले. दोन्ही वेळा नकार आला. जावयांनी वाचून सांगितलं, “बाई परत येतील याची त्यांना खात्री वाटत नाही.”

माझी बायको आयुष्यात चार रात्रींच्या वर गावाबाहेर राहिलेली नाही. म्हैस तिच्याशिवाय पान्हा सोडत नाही. ती म्हणाली, “मी नही येणार तं म्हशीचं काय?” तिला ते हसण्यासारखं वाटलं. मला नाही वाटलं. जी परत येणार नाही अशी पैज अख्ख्या तालुक्यात कुणी लावली नसती, तिच्याबद्दल त्यांनी पुरावा मागितला. आणि तो माझ्याकडे नव्हता. जमीन दाखवली, म्हैस दाखवली, तरी नाही.

तिकडे मुलीला विद्यापीठानं अगदी वाऱ्यावर सोडलं होतं असं नाही. लेकरंबाळं असलेल्या विद्यार्थ्यांसाठी तिथं एक वेगळं ऑफिस आहे म्हणे. त्यांनी हिला होस्टेलात मोठी खोली दिली, पाळणाघरात पोरीला जागा दिली. पण पाळणाघर दुपारी बंद होई आणि हिचं काम दुपारीच सुरू होई. ऑफिसवाल्यांनी सांगितलं, घरी मुलं सांभाळणाऱ्या एक बाई आहेत, दुपारपुरतं त्यांच्याकडे ठेवा. मुलीनं मला फोनवर विचारलं. मी म्हणालो, “कोण बाई? कुठली? काय खाऊ घालते?” ती सांगायला लागली. मी म्हणालो, “तुझी माय आणि मी आहोत ना.”

“तुम्ही इथं कुठं आहात, आबा?”

“फोनवर आहोत.”

असं ते सुरू झालं. आमच्याकडे दिवे लागले की तिकडे दुपार असते. आमचं घर धाब्याचं. खाली रेंज येत नाही, वर मातीच्या धाब्यावर येते. तेव्हा आम्ही दोघं शिडी चढून वर जायचो, घोंगडी टाकायचो आणि फोन विटांना टेकवून ठेवायचो. तिकडे मुलगी आपला फोन टेबलावर उभा करून ठेवी, खोलीचं दार लोटून घेई आणि समोरच्या सामाईक स्वयंपाकघरात तिच्या वर्गातल्या मुलांबरोबर अभ्यासाला बसे. दार लोटलेलं असलं तरी तिचं लक्ष असे. इतकंच की पोरीनं मध्ये मध्ये येऊन काम अडवू नये, म्हणून तिला गुंतवून ठेवायचं काम आमचं.

आजी गाणी म्हणे. पण गाण्यानं पोर किती वेळ बसणार? मग मी बैलाचा खेळ काढला.

तरुणपणी मी कधी आसूड वापरला नाही. माझे बैल आवाजावर चालायचे आणि आवाजावर थांबायचे. ‘होऽऽ’ म्हटलं की जिथं पाय असेल तिथं उभे. मग ‘चल’ म्हणेपर्यंत माशी बसली तरी हलायचे नाहीत. लांबून माणसं बघायला यायची. ते मी पोरीला शिकवलं. ती आईची ओढणी गळ्यात अडकवून खोलीत गोल गोल फिरायची. मी धाब्यावरून ‘होऽऽ’ म्हणायचो आणि ती खुंट्यासारखी उभी. एक पाय वर असला तर तो वरच. ‘चल’ म्हटलं की हसत सुटायची.

आजी तिला म्हणायची, “तू कालवड शे, माय.”

ती म्हणायची, “नही. मी बैल शे.”

जर्मनीत बसून पोरगी आमची अहिराणी बोलायची. मला त्याचा केवढा गर्व. गावात ज्याला त्याला सांगायचो, मी इथून तिथलं पोर सांभाळतो. व्याह्यांना तर मुद्दाम दोंडाईच्याला जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, “फोन बंद पडला म्हणजे?” मी म्हणालो, “तुमच्या जिभेला हाड नाही.”

उन्हाळ्यातली गोष्ट. आम्ही धाब्यावर होतो. वारा सुटला होता. मुलगी पोरीला फोनसमोर बसवून, दार लोटून गेली. थोड्या वेळानं पोरगी उठली, दाराशी गेली आणि तिनं दार ढकललं. ते लागलं. कुलपात आतून किल्ली होती. ती दोन्ही हातांनी किल्लीशी खेळायला लागली. मी बघत होतो. मला वाटलं, खेळते आहे, खेळू दे. मग खट् असा आवाज आला.

तो मला इथं ऐकू आला, पण तिच्या आईला आला नाही.

मी हाका मारल्या. मुलीला म्हणून हाका मारल्या, पण ऐकणार कोण? आमचा आवाज त्या खोलीतल्या फोनमधून निघत होता आणि ऐकायला खोलीत पोरगीच. शेवटी आमच्या ओरडण्यानं पोरगी रडायला लागली आणि ते रडणं ऐकून मुलगी धावत आली. बाहेरून कडी हलवायला लागली. “काय झालं? दार का लागलं? आबा, दार का लागलं?”

“आतून किल्ली फिरली,” मी म्हणालो.

“तिला सांगा, उलटी फिरव म्हणा.”

आता अडीच वर्षांच्या पोरीला उलटं म्हणजे काय आणि सुलटं म्हणजे काय? आजीनं हातवारे करून दाखवलं. पोरगी आमच्याकडे बघून हातवारे करायला लागली. रडणं थांबलं, तिला हा नवा खेळ वाटला. किल्लीकडे काही गेली नाही. बाहेर कुणी मुलगा पळत इमारतीच्या रखवालदाराला बोलवायला गेला होता. मुलगी दाराबाहेरून म्हणाली, “आबा, तोवर तिच्यावर नजर ठेवा. तुम्हालाच ती दिसते आहे.”

खरंच होतं. तिच्या आईमध्ये आणि तिच्यामध्ये एक फळी होती आणि आई आंधळी होती. मी सात समुद्र सोडून बसलेला, आणि मला सगळं दिसत होतं.

पोरीला दाराच्या धडधडीचा कंटाळा आला. तिनं खुर्ची ओढली. ओढत खिडकीपाशी नेली. उन्हाळा म्हणून खिडकी उघडी होती. खोली तिसऱ्या मजल्यावर. ती खुर्चीवर चढली. एक गुडघा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

माझी बायको माझा दंड धरून म्हणाली, “आते काय?”

मी मुलीला सांगितलं नाही. सांगून ती काय करणार होती? दारावर डोकं आपटून घेतलं असतं. मी श्वास घेतला आणि पोटातून ‘होऽऽ’ म्हणालो.

पोरगी थांबली. गुडघा कट्ट्यावर, हात चौकटीला, मान आमच्याकडे वळलेली. थांबली ती थांबलीच. गळ्यात ओढणीही नव्हती, तरी माझा शब्द तिनं मानला. मला वाटलं, जिंकलो. आता ‘चल’ म्हणून हळूच मागे बोलवायचं, खाली उतरवायचं. पण ‘चल’ म्हटलं आणि ती पुढेच गेली तर? खेळात ‘चल’ म्हणजे पुढेच. मागे या, असा शब्द मी तिला शिकवलाच नव्हता. बैलाला शिकवला होता, तिला नाही. तो काय सांगावा, कसा सांगावा, हा विचार करेपर्यंत गावातली लाईट गेली.

लाईट गेली की आमच्याकडचा टॉवर थोडा वेळ दम धरतो. त्या दिवशी धरला नाही. ती तशीच, मान वळवून, माझ्याकडे बघत असलेली फोनवर थिजली. मग तेही गेलं.

त्यानंतरचं लिहायला मला जड जातं. मी बंद फोनला ‘चल, माय, चल’ म्हणत होतो. मग ‘नको, नको’ म्हणत होतो. शेजाऱ्यानं मोटरसायकल काढली आणि मला मागे बसवून फाट्यावर नेलं. वाटेत तो म्हणाला, “काही होत नाही, नाना.” त्याला काय ठाऊक होतं? ती तिथं एका गुडघ्यावर उभी होती आणि मी सोडवेपर्यंत उभी राहणार होती. तिला मीच उभं केलं होतं. कुठं, तर खिडकीत.

फाट्यावर रेंज आली. फोन लागला तेव्हा मुलीला बोलता येईना. आधी ती नुसती रडली. त्या रडण्यात काय आहे हे कळायला जो वेळ गेला, तो माझ्या वैऱ्यालाही मिळू नये.

पोरगी धड होती. रखवालदारानं दार उघडलं तेव्हा ती तशीच होती. आईनं मागून उचललं, तर अंग ताठ. उतरायलाच तयार नाही. म्हणाली, “आबानी चल नही म्हटलं.”

मुलीनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. उलट म्हणाली, “तुम्ही थांबवलं, आबा.” मी फाट्यावर हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. चहा आला, तो तसाच राहिला.

घरी येऊन बायकोला सांगितलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि इतकंच म्हणाली, “त्या बाईले ठेवू द्या.” दुसऱ्या दिवशी मी स्वतः फोन केला आणि मुलीला म्हणालो, “त्या बाईंकडे ठेव.” ती म्हणाली, “तुम्ही मनापासून म्हणता ना?” मी म्हणालो, “मनाचं काय विचारतेस? ठेव.” व्याह्यांना काय सांगायचं हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही. पुढे पडला. अजून दोंडाईच्याला गेलेलो नाही.

बाई चांगल्या आहेत. माझ्यापेक्षा थोड्या लहान. त्याही त्या देशातल्या नव्हेत, नवऱ्यामागे आलेल्या. भात करतात. पोरगी आता तिकडची भाषा बोलते. अहिराणीत विचारलं तर हसून आईकडे बघते. दिवेलागणीला फोन येत नाही, रविवारी येतो. सवयीनं मी इतर दिवशीही धाब्यावर जातो. बायको म्हणते, वर काय पुरलंय? मी म्हणतो, वारा खातो.

मागच्या महिन्यात मुलगी म्हणाली, “आबा, बाईंची एक अडचण आहे. रस्त्यावर ही हात सोडून पळते. कशानं थांबत नाही. मी त्यांना तुमच्या बैलाचं सांगितलं. तो आवाज त्यांना शिकवाल?”

तो शब्द पुन्हा तोंडातून काढायचा नाही, असं मी ठरवलं होतं. पण तिकडे रस्ता होता, गाड्या होत्या. मी म्हणालो, “आधी त्यांना ‘चल’ शिकव. ते पाठ झालं की मग दुसरं.”

रविवारी मुलगी पोरीला घेऊन बाईंच्या अंगणात गेली. फोन मुलीच्या हातात होता. मी दोन्ही शब्द म्हणून दाखवले. बाईंनी मान हलवली. पोरगी गवतात पळत होती. बाई ‘हो’ म्हणाल्या. वरच्या वर, गळ्यातून. असल्या आवाजाला माझ्या बैलांनी कानही हलवला नसता.

पोरगी उभी राहिली. एक पाय वर.

बाई टाळ्या वाजवायला लागल्या. मुलगी हसली. दोघी एकमेकींकडे बघून काहीबाही बोलायला लागल्या आणि पोरगी तशीच, एका पायावर, डुलायला लागली. मी म्हणालो, “चल म्हणा. अगं, तिला चल म्हण कुणीतरी.” त्यांच्या हसण्यात माझा आवाज पोहोचला की नाही, माहीत नाही. मी उठून उभा राहिलो आणि धाब्यावरून ओरडलो, “चल, माय, चल.” खाली गल्लीतली माणसं थांबून वर बघायला लागली.

तिकडे बाईंचेही ओठ हलले. पोरीनं पाय खाली टेकला आणि पळत सुटली. कुणाच्या शब्दावर, ते मला इथून कळलं नाही.